विश्लेषण : ड्रॉवरमधले एक कार्ड आणि ज्युरीचे नऊ सदस्य, लोकमान्यांच्या खटल्यांतून समजून घ्या पुराव्याचा प्रश्न

जून १९०८. मुंबईत लोकमान्य टिळकांना अटक झाली होती आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात त्यांच्या घराची झडती सुरू होती. कागदपत्रे चाळताना पोलिसांच्या हाती एक कार्ड लागले. त्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती. बॉम्ब नव्हता, दारू नव्हती, पुस्तकेही नव्हती. फक्त नावे होती.

खटला होता लेखांचा. ‘केसरी’त छापलेले दोन अग्रलेख राजद्रोही आहेत की नाहीत, एवढेच ठरवायचे होते. तरीही ते कार्ड न्यायालयात पुरावा म्हणून दाखल झाले आणि ज्युरीच्या नऊ सदस्यांसमोर आले. त्यातले सात युरोपियन होते. बंगालमधून बॉम्बच्या बातम्या येऊन अडीच महिनेच झाले होते. अशा वेळी त्या सात जणांच्या मनात कार्ड पाहून काय आले असेल?

एकदा डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले मनातून पुसता येते का? ज्युरी पद्धतीतला हा सर्वात जुना आणि अवघड प्रश्न आहे. भारतात तो समजून घ्यायचा तर टिळकांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

ज्युरी म्हणजे नेमके काय?

ज्युरी म्हणजे खटल्याचा निकाल देण्यासाठी बसवलेले सामान्य नागरिक. ते वकील नसतात, न्यायाधीश नसतात. ब्रिटिश काळात मुंबई उच्च न्यायालयातल्या फौजदारी खटल्यांत असे नऊ जण बसत. कामाची वाटणी ठरलेली होती. कायदा काय सांगतो आणि कोणता पुरावा ग्राह्य आहे, हे न्यायाधीश ठरवत. आरोपीने गुन्हा केला की नाही, हे ज्युरी ठरवत असे.

निकाल एकमताने लागलाच पाहिजे असे नव्हते. नऊपैकी किमान सहा जण एका बाजूला असले आणि न्यायाधीशही त्यांच्याशी सहमत असले, तर तो निकाल मान्य होई. मत पाच विरुद्ध चार असे पडले, तर ती ज्युरी बरखास्त करावी लागे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे महत्त्व कळेल.

ज्युरीला निकालाची कारणे द्यावी लागत नसत. दोषी किंवा निर्दोष, एवढेच सांगायचे. कोणत्या पुराव्यावर विश्वास ठेवला, कोणता बाजूला सारला, हे कागदावर येतच नसे. म्हणून ज्युरीसमोर काय येऊ द्यायचे आणि काय नाही, याचे नियम कडक असावे लागतात.

अग्राह्य पुरावा कशाला म्हणतात?

भारतात १८७२ पासून पुराव्याचा लिखित कायदा आहे. त्यात काही गोष्टी न्यायालयाबाहेर ठेवल्या आहेत. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. आरोपी वाईट चालीचा आहे म्हणून त्याने हाही गुन्हा केला असेल, असे म्हणता येत नाही. ऐकीव माहिती साधारणपणे चालत नाही.

आरोपीच्या मनात काय होते, हा प्रश्न असेल तर त्याच्या इतर कृती दाखवता येतात. पण तिथेही अट आहे. त्या कृतीवरून मनाचा सर्वसाधारण कल दिसून भागत नाही, ज्या गोष्टीचा खटला आहे तिच्याशी तिचा संबंध हवा.

यामागे साधा व्यवहार आहे. गावात एखाद्याचे नाव खराब झाले की पुढची प्रत्येक चोरी त्याच्याच माथी मारली जाते. ज्युरीत बसलेली माणसेही गावातलीच. म्हणून काही गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांच्यापुढे आणायच्या नाहीत, असे कायद्याने ठरवले. पूर्वीच्या शिक्षेचेही तसेच. आरोपीला आधी शिक्षा झालेली असेल, तर ती गोष्ट ज्युरीचा निकाल लागल्यानंतरच पुढे आणायची, अशी त्या काळच्या फौजदारी प्रक्रियेची व्यवस्था होती.

गणिताचा विद्यार्थी, कायद्याचा शिक्षक

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि १८७९ मध्ये एलएल.बी. झाले. सनद घेऊन वकिली मात्र केली नाही. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासोबत न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. पुढच्याच जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली.

कोर्टाशी पहिली गाठ लवकरच पडली. कोल्हापूर संस्थानच्या कारभारावर टीका करताना या पत्रांनी काही पत्रव्यवहार खरा मानला. तो बनावट निघाला. दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. कागद समोर आला म्हणजे तो खरा असतोच असे नाही, हे टिळक विशीतच शिकले, तेही स्वतःची किंमत मोजून.

१८९० मध्ये त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. आता पोटापाण्याचा प्रश्न होता. ‘केसरी’ तेव्हा फायद्यात नव्हता. त्यांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी कायद्याचे वर्ग सुरू केले. आणि दुसरे काम उभे केले ते थेट मराठवाड्यात.

लातूरचा जिनिंग कारखाना

लातूर तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आसपासच्या काळ्या जमिनीत कापूस पिकत होता, पण सरकी काढायला यंत्र नव्हते. टिळकांनी भागीदारांसोबत लातूरला जिनिंगचा कारखाना काढला. या भागात यंत्रावर कापूस पिंजण्याची ती सुरुवातीची धडपड होती. आज सोयाबीन आणि तुरीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या लातूरच्या इतिहासातले हे पान अनेकांना ठाऊक नसते.

या कारखान्याचा आणि खटल्यांचा थेट संबंध नाही. पण एक फरक समजून घेण्यासारखा आहे. लातूर आणि नांदेडवर निजामाची हुकमत होती. तिथली न्यायालये संस्थानची होती. मुंबई उच्च न्यायालयाची ज्युरी ही ब्रिटिश अमलातली गोष्ट. टिळकांचा कारखाना एका राज्यात आणि छापखाना दुसऱ्या राज्यात होता. त्यांना गाठले ते छापखान्यामुळे. ‘केसरी’ पुण्यात छापला जाई, पण मुंबईतही वाटला जाई. त्यामुळे खटला मुंबईत भरता आला आणि तिथे युरोपियनांचे बहुमत असलेली ज्युरी बसवता आली.

१८९७ : सहा विरुद्ध तीन

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. घरोघर झडत्या घेणाऱ्या सोजिरांविरुद्ध शहरात संताप होता. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली. वृत्तांतात अफझलखानाच्या वधावरची भाषणे होती. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग कमिटीचे प्रमुख रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला.

टिळकांवर खुनाचा आरोप नव्हता. आरोप होता राजद्रोहाचा, तोही खुनाच्या आठवडाभर आधी छापलेल्या मजकुरासाठी. पण मुंबईतल्या इंग्रजांच्या पत्रांनी लेखन आणि खून यांची सांगड आधीच घातली होती. ज्युरीत बसणारे लोक हीच पत्रे वाचत. आरोपपत्रात खून नव्हता, पण तो कुणाच्या मनात नव्हता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. जो पुरावा दाखल करावाही लागत नाही, तो सर्वात अवघड. त्यावर हरकत घेता येत नाही, उलटतपासणी करता येत नाही.

खटला ८ सप्टेंबरला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे सुरू झाला. ज्युरीला कायदा समजावताना त्यांनी राजद्रोहाच्या कलमातल्या अप्रीतीचा अर्थ सरकारविषयी प्रीतीचा अभाव असा लावला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाही गुन्हा ठरू शकत होता. १४ सप्टेंबरला ज्युरीने सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवले. वर सांगितलेला आकडा आठवा. निकाल मान्य होण्यासाठी सहाच मते लागत होती. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर ती ज्युरी बरखास्त झाली असती.

शिक्षा झाली अठरा महिने सक्तमजुरीची. प्रिव्ही कौन्सिलमध्ये पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले अ‍ॅस्क्विथ टिळकांच्या बाजूने उभे राहिले, पण अपिलाची परवानगी मिळाली नाही. मॅक्स म्यूलर यांच्यासारख्या विद्वानांनी केलेल्या अर्जानंतर सप्टेंबर १८९८ मध्ये टिळकांची सशर्त सुटका झाली. त्याच वर्षी सरकारने राजद्रोहाचे कलम बदलून अधिक व्यापक केले.

औरंगाबादचे दत्तविधान आणि कारणे लिहिणारे कोर्ट

१८९७ च्या खटल्यात जामिनावर असतानाच टिळकांचे स्नेही बाबा महाराज वारले. मृत्युपत्राने टिळक त्यांच्या मिळकतीचे विश्वस्त झाले. १९०१ मध्ये बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज यांनी औरंगाबाद येथे, म्हणजे निजामाच्या हद्दीत, दत्तक घेतला. पुढे ताई महाराजांनीच ते दत्तविधान नाकारले. प्रकरण उलटले. टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला झाला. १९०३ मध्ये खास नेमलेल्या मॅजिस्ट्रेटने अठरा महिन्यांची शिक्षा दिली, सत्र न्यायालयाने ती सहा महिन्यांवर आणली. काही दिवस त्यांना तुरुंगात काढावे लागले.

पण मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. दिवाणी वाद तर १९१५ पर्यंत चालला आणि प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाल दिला.

इथे ज्युरी नव्हती. मॅजिस्ट्रेटला कारणे लिहावी लागली. कोणत्या साक्षीवर विश्वास ठेवला, कोणत्या कागदावरून काय निष्कर्ष काढला, हे निकालपत्रात आले. त्यामुळे वरच्या कोर्टाला ते तपासता आले आणि चूक दाखवता आली. ज्युरीच्या एका शब्दात चूक शोधायची तर कुठे शोधायची? अपील करणाऱ्याच्या हाती न्यायाधीशांच्या भाषणातल्या चुकाच उरत. बंद दाराआड नऊ जणांत काय बोलणे झाले, ते कायमचे बंदच राहत असे.

१९०८ : कार्डाची गोष्ट

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी टाकलेल्या बॉम्बमध्ये दोन इंग्रज स्त्रिया मरण पावल्या. ‘केसरी’ने १२ मे आणि ९ जूनच्या अंकांत या विषयावर अग्रलेख लिहिले. बॉम्बचे समर्थन नाही, पण बॉम्ब दडपशाहीतून जन्मतो, तेव्हा दडपशाही वाढवून तो थांबणार नाही, असा त्यांचा रोख होता. २४ जूनला टिळकांना मुंबईच्या सरदारगृहात अटक झाली.

जामिनाचा अर्ज बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी चालवला. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी याच दावरांनी वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. आता त्यांनी जामीन नाकारला. कारणांची चर्चा केली तर पुढच्या सुनावणीवर परिणाम होईल, या विचाराने त्यांनी कारणे देणेही टाळले. म्हणजे ज्युरीचे मन आधीच कलुषित होऊ नये, ही काळजी न्यायालयाला होती. ती तशीच शेवटपर्यंत राहिली का, हा खरा प्रश्न आहे.

सरकारच्या मागणीवरून खास ज्युरी नेमण्यात आली. तिच्यात सात युरोपियन आणि दोन पारशी सदस्य होते. लेख मराठीत, पण ज्युरीचे बहुतेक सदस्य मराठी न वाचणारे. त्यांच्यापुढे आले ते इंग्रजी भाषांतर. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. भाषांतरकाराची उलटतपासणी घेताना त्यांनी शब्दाशब्दाचा कीस काढला. मराठी शब्दाची धार भाषांतरात कशी बदलते, हे ते दाखवत राहिले. मूळ पुरावा वाचताच न येणाऱ्यांनी त्याचा अर्थ ठरवायचा होता.

सरकार पक्षाने आरोपातल्या दोन लेखांखेरीज ‘केसरी’तले इतर लेखही दाखल केले. हेतू दाखवण्यासाठी, असे कारण होते. आणि त्याच वाटेने ते कार्डही आले.

टिळकांचे स्पष्टीकरण सरळ होते. जूनमध्ये सरकारने स्फोटक पदार्थांचा नवा कायदा घाईने केला होता. त्यातल्या व्याख्येवर टीका लिहायची तर स्फोटके म्हणजे काय, हे अभ्यासायला हवे. म्हणून पुस्तकांच्या यादीतून नावे टिपून ठेवली. संपादक असेच करतो. गणिताच्या माणसाकडून तर तेच अपेक्षित.

आता कायद्याची अट लावून पाहा. एखाद्याने स्फोटकांवरच्या पुस्तकांची नावे टिपली, यावरून अग्रलेख लिहिताना त्याच्या मनात काय होते हे सिद्ध होते का? सरकार पक्षाच्या मते ते हेतूचा भाग होते. टिळकांच्या मते लेखांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कार्डाचे पुरावा म्हणून वजन किती, यावर वाद होऊ शकतो. पण मुझफ्फरपूरनंतरच्या त्या पावसाळ्यात ज्युरीच्या मनावर त्याचे वजन किती पडले असेल, हे मोजण्याचा कोणताच काटा नव्हता.

पूर्वीच्या शिक्षेचेही असेच. नियमानुसार ती निकालाआधी ज्युरीला सांगायची नव्हती. पण १८९७ चा खटला मुंबईत कोणाला ठाऊक नव्हता? कायदा कोर्टाचे दार बंद करू शकतो, शहराची आठवण बंद करू शकत नाही.

टिळक ज्युरीपुढे सहा दिवसांत मिळून एकवीस तासांहून अधिक बोलले. इंग्लंडमधल्या ज्युरींनी वृत्तपत्रस्वातंत्र्य कसे राखले, याचे दाखले त्यांनी दिले. ज्या माणसांच्या हाती आपला निकाल आहे, त्यांना त्यांच्याच देशाची परंपरा तो आठवून देत होता.

२२ जुलैची रात्र. आठच्या सुमारास ज्युरी विचार करायला आत गेली आणि सव्वानऊ वाजून गेल्यावर बाहेर आली. सात विरुद्ध दोन. दोषी. उद्या टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता. दावर यांनी एकूण सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. कोणत्या सदस्याने कोणते मत दिले, याची नोंद नसते. पण सात युरोपियन आणि सात मते, हा हिशेब तेव्हा सगळ्या देशाने आपापल्या परीने मांडला.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला. सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस. गोळीबारात माणसे मेली. पुढचे अर्जही निष्फळ ठरले. टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले. तिथे त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमी त्यांना तुरुंगातच कळली. जून १९१४ मध्ये ते परत आले.

१९१६ : ज्युरी नाही, निकाल वेगळा

१९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगर येथे टिळकांनी होमरूलवर भाषणे केली. साठाव्या वाढदिवशीच त्यांच्या हाती नोटीस पडली. मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. यावेळी प्रकरण उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींपुढे गेले. बॅचलर आणि शहा यांनी भाषणे समग्र वाचली आणि नोव्हेंबरमध्ये तो आदेश रद्द केला. टिळकांच्या बाजूने पुन्हा जीना उभे होते.

माणूस तोच, विषय जवळपास तोच, सरकारही तेच. फरक एवढाच की यावेळी निकाल देणाऱ्यांना आपण काय वाचले आणि त्याचा काय अर्थ लावला, हे लिहून द्यावे लागले.

१९१९ : लंडनची ज्युरी

टिळक मंडालेत असताना इंग्रज पत्रकार सर व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातल्या असंतोषावर पुस्तक लिहिले. त्यात टिळकांवर बरेच आरोप होते. ताई महाराज प्रकरण होते, रँड यांच्या खुनाशी जोडलेले लेखन होते, १९०९ मध्ये नाशिकला झालेला कलेक्टर जॅक्सन यांचा खूनही होता. जॅक्सन मारले गेले तेव्हा टिळक मंडालेच्या कोठडीत होते.

टिळकांनी लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. जानेवारी १९१९ च्या अखेरीस न्यायमूर्ती डार्लिंग आणि खास ज्युरीपुढे सुनावणी सुरू झाली. टिळकांकडून सर जॉन सायमन, चिरोल यांच्याकडून सर एडवर्ड कार्सन.

इथे टिळक फसले ते पुराव्याच्याच नियमामुळे. फौजदारी खटल्यात आरोपीची जुनी शिक्षा निकालापर्यंत झाकून ठेवतात. पण बदनामीच्या दाव्यात दावा लावणाऱ्याचे चारित्र्य हाच वादाचा विषय असतो. त्यामुळे कार्सन यांनी उलटतपासणीत सगळे बाहेर काढले. १८९७ ची शिक्षा, १९०८ ची शिक्षा, ‘केसरी’चे जुने अंक, सगळे ज्युरीपुढे मांडले. दोन ज्युरींनी आधी दिलेले निकाल तिसऱ्या ज्युरीपुढे पुरावा म्हणून उभे राहिले. त्या निकालांमागची कारणे मात्र कुठेच लिहिलेली नव्हती.

फेब्रुवारीत ज्युरीने चिरोल यांच्या बाजूने निकाल दिला. टिळकांवर खर्चाचा मोठा बोजा पडला. पुढच्या वर्षी १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहातच त्यांचे निधन झाले. बारा वर्षांपूर्वी अटक झाली, तीच जागा.

मग भारतातली ज्युरी कधी गेली?

स्वातंत्र्यानंतरही ज्युरी काही काळ टिकली. तिच्याविषयीचा विश्वास उडाला तो मुंबईच्याच एका खटल्याने. १९५९ मध्ये नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर खुनाचा आरोप होता. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना हा निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले.

टिळकांच्या वेळी वृत्तपत्रांनी तापवलेले वातावरण आरोपीच्या विरुद्ध होते, नानावटींच्या वेळी आरोपीच्या बाजूने. दोन्हीकडे प्रश्न तोच. कोर्टाबाहेरचे कोर्टात शिरले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीची तरतूदच राहिली नाही.

आज नांदेड-लातूरच्या वाचकाला याचे काय?

आज नांदेड किंवा लातूरच्या सत्र न्यायालयात ज्युरी नाही. न्यायाधीश एकटेच पुरावा ग्राह्य आहे का ते ठरवतात आणि तेच निकालही देतात. म्हणजे जो पुरावा बाजूला ठेवायचा, तो त्यांनी वाचलेला असतोच. मग फरक काय पडला?

फरक कारणांचा आहे. न्यायाधीशांना निकालपत्रात प्रत्येक पुराव्याचा हिशेब द्यावा लागतो. अग्राह्य पुराव्याच्या आधारे शिक्षा दिली, तर ते कागदावर दिसते. अपिलात औरंगाबाद खंडपीठ ते तपासू शकते. मात्र अग्राह्य पुरावा नोंदीत आला म्हणून निकाल आपोआप रद्द होत नाही. तो वगळून उरलेला पुरावा पुरेसा असेल, तर निकाल टिकतो. १८७२ च्या कायद्यातला हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न चालण्याचा नियमही कायम आहे. त्या कबुलीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग मात्र पुराव्यात येऊ शकतो.

म्हणून आरोपीने पोलिसांसमोर गुन्हा कबूल केल्याची बातमी फोनवर आली, तर एवढे ध्यानात ठेवावे की ती कबुली कोर्टात बहुधा चालणार नाही. आरोपीच्या जुन्या गुन्ह्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली, तरी या खटल्यात ती पुरावा नाही. कोर्टातली ज्युरी गेली. गावातली, चौकातली आणि फोनमधली ज्युरी रोज बसते आणि तिला पुराव्याचा कायदा लागू नाही. खटला सुटलेला माणूस घरी परततो, तेव्हा त्याला याच ज्युरीसमोर उभे राहावे लागते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात १९०८ चा खटला चालला, तिथे १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते टिळकांच्या स्मृतीची कोनशिला बसवण्यात आली. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्याच न्यायालयाने आपल्या भिंतीवर आरोपीचे शब्द कोरले. मराठवाड्यातही एक खूण आहे. टिळकांच्या निधनाच्या वेळी एका तरुण विद्यार्थ्याने आयुष्य देशाला वाहण्याचा निश्चय केला. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे ते स्वामी रामानंद तीर्थ. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे, आणि लातूर जिल्ह्यातली महाविद्यालयेही त्याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत.

ड्रॉवरमधल्या त्या कार्डावर दोन पुस्तकांची नावे होती, एवढेच नोंदीत उरले. ज्युरीच्या नऊ जणांनी ते कसे वाचले, हे त्यांनी सांगितले नाही आणि त्यांना कोणी विचारूही शकत नव्हते. निकालाची कारणे लिहून देण्याची सक्ती रटाळ वाटते, निकालपत्रे शेकडो पानांची होतात, खटले लांबतात. पण पुढच्या कोर्टाला चूक सापडते ती त्या पानांतच.